काछलिया शेठांचे दिवाळे

२२ जानेवारी १९०९ रोजी जोहान्सबर्ग येथे मोहनदास गांधी यांच्या वकिली कचेरीत काही गोरे घाऊक व्यापारी एका देणेकऱ्याचे काय करावे हे ठरवण्यासाठी जमले होते. देणेकरी होते अहमद महंमद काछलिया, दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल या वसाहतीतल्या भारतीयांच्या ब्रिटिश इंडियन असोसिएशन या संघटनेचे अध्यक्ष. गांधींनी त्यांचा ताळेबंद सर्वांपुढे ठेवला. दुकानातला माल आणि गिऱ्हाइकांकडून येणे असलेली उधारी यांची बेरीज देण्यापेक्षा बरीच अधिक भरत होती. धंदा दुसऱ्या कोणाला विकायचा असेल तर काछलिया तो सोडायला तयार होते. तेही नको असेल तर घेणेकऱ्यांनी दुकानातला माल खरेदीच्या भावाने उचलावा आणि तरीही बाकी राहिली तर तेवढी येणी आपल्या नावावर करून घ्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. पैसा बुडण्याची शक्यता कोठेच नव्हती. तरीही घेणेकऱ्यांनी यांतले काहीही मानले नाही आणि काछलिया यांना नादार ठरवण्यात आले.

दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या हकिकती वाचताना मी या बैठकीपाशी दर वेळी थांबतो. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या लढ्यातील त्याग मोजण्याचे माप बहुधा तुरुंगवासाचे असते. कोणी किती महिने आत काढले, कोणी किती लाठ्या खाल्ल्या, हे पाठ्यपुस्तकांत येते. परंतु व्यापाऱ्याला तुरुंगापेक्षा मोठी भीती एकच असते, ती पत जाण्याची. तुरुंगात माणूस चारचौघांसह जातो आणि बाहेर येताना हार घालून घेतो. दिवाळे निघते ते मात्र एकट्याचे, आणि त्याची नामुष्की मुलांच्या सोयरिकीपर्यंत पोहोचते.

हे गांधींना पुरते ठाऊक होते. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत आले तेच मुळी दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी. प्रतिवादी तय्यब शेठ हे दादा अब्दुल्लांचे नातलगच. लवादाचा निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. रक्कम सुमारे ३७ हजार पौंड आणि वर दाव्याचा खर्च अशी होती आणि ती एकदम भरायची झाल्यास तय्यब शेठांचे दिवाळे निघणार हे उघड होते. तेथे राहणाऱ्या पोरबंदरच्या मेमण व्यापाऱ्यांत दिवाळ्यापेक्षा मरण बरे असा अलिखित नियम होता, असे गांधींनी नमूद केले आहे. म्हणून त्यांनी आपल्याच अशिलाची समजूत घालून लांब मुदतीचे हप्ते मान्य करून घेतले आणि तय्यब शेठांची अब्रू वाचवली. ज्या वकिलाने उमेदीच्या काळात एका शेठला दिवाळ्यातून वाचवण्यासाठी एवढा जीव पाखडला, त्याच्याच कचेरीत पुढे दुसऱ्या शेठने दिवाळे पत्करले.

काछलिया सुरत भागातले. आरंभी ते कापडाची फेरी करीत, नंतर भावाच्या भागीत त्यांनी लहानसा व्यापार मांडला. शिक्षण बेताचे, गुजरातीही जेमतेम. इंग्रजी मात्र व्यवहारात राहून इतके सुधारलेले की ओळखीच्या लोकांना गोऱ्या वकिलांकडे नेऊन ते स्वतःच दुभाष्याचे काम करीत, तेही मैत्रीखातर. कायद्याचा मुद्दा त्यांना चटकन उमगे आणि वकिलांशी वाद घालायलाही ते कचरत नसत. धर्माने कट्टर सुन्नी, मशिदीचे एक विश्वस्त. परंतु सार्वजनिक कामात त्यांनी हिंदू-मुसलमान असा भेद केला नाही. १९०७ पर्यंत मात्र पुढारी म्हणून त्यांचे नाव कोणी घेत नव्हते.

त्या वर्षी ट्रान्सवालच्या नव्या सरकारने आशियाई लोकांच्या नोंदणीचा कायदा केला. प्रत्येक भारतीयाने दहाही बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यावा, पोलिसाने मागताच तो दाखवावा, आणि परवाना नसेल तर दंड, तुरुंग किंवा हद्दपारी भोगावी, असा त्याचा आशय होता. भारतीयांनी त्याला ‘काळा कायदा’ म्हटले. ३१ जुलै १९०७ रोजी प्रिटोरियातील मशिदीच्या आवारात मोठी सभा झाली. ट्रान्सवालचे पंतप्रधान जनरल बोथा यांचा निरोप घेऊन विल्यम हॉस्केन हे सहानुभूती असलेले गोरे पुढारी तेथे आले होते. गोऱ्यांचे मत कठोर आहे, सरकार बलाढ्य आहे, भिंतीवर डोके आपटून घेऊ नका, हा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. त्यानंतर काछलिया बोलायला उठले. त्यांचे भाषण थोडक्यात होते. सरकार तुरुंगात टाकील, मालमत्ता जप्त करील, हद्दपार करील, फाशी देईल, हे सारे सोसू पण हा कायदा सोसणार नाही, असे सांगताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या; गळ्यावरून बोटे फिरवीत त्यांनी खुदाची शपथ घेतली की फासावर जाईन पण या कायद्यापुढे मान तुकवणार नाही. व्यासपीठावरचे काही पुढारी हे पाहून हसले, आणि त्या हसण्यात गांधीही सामील होते. हा कबुलीजबाब त्यांनी स्वतःच दिला आहे, आणि तोही येरवड्याच्या तुरुंगातून. नोव्हेंबर १९२३ मध्ये तेथे त्यांनी इंदुलाल याज्ञिक यांना या लढ्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली, त्यात काछलियांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे.

ते हसू अगदीच निराधार नव्हते. शपथा घेणारे व्यापारी पुष्कळ होते आणि त्यांतले काही जण पिकेटिंग करणाऱ्या स्वयंसेवकांची नजर चुकवून रात्रीच्या वेळी, खासगी जागेत अधिकाऱ्यांना बोलावून, गुपचूप ठसे देऊन मोकळे झाले. मुदत संपेपर्यंत एकंदर नोंदणी जेमतेम पाचशेच्या आसपास झाली हे खरे, पण त्यांत पैसेवाल्यांची संख्या डोळ्यांत भरणारी होती. त्यांना मी सहज भित्रे म्हणणार नाही. ट्रान्सवालमधील भारतीय दुकानदार गोऱ्या घाऊक पेढ्यांकडून उधारीवर माल उचलीत आणि बोअर, म्हणजे डच वंशाच्या, शेतकऱ्यांना उधारीवरच विकीत. म्हणजे देणे ठरलेल्या तारखेला आणि येणे पीक हाती येईल तेव्हा. अशा माणसाच्या दुकानाला कुलूप लागले की मधली कडी तुटते आणि दोन्ही बाजूंची रक्कम त्याच्याच डोक्यावर येते. फेरीवाल्याच्या टोपलीचे तसे नसते.

१९०८ च्या जानेवारीत, भारतीयांनी स्वेच्छेने नोंदणी करावी आणि कायदा रद्द व्हावा, अशी ट्रान्सवालचे मंत्री जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली आणि फिसकटली, ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर परवान्यांची होळी झाली; हा भाग सर्वांना माहीत आहे. अनेक सधन व्यापारी तेव्हा डोक्यावर भाजी-फळांच्या टोपल्या घेऊन विनापरवाना फेरीला निघाले आणि पकडले गेले. त्याच वर्षी काछलिया असोसिएशनचे अध्यक्ष झाले, आणि सरकारला जे तुरुंगाने साधले नव्हते ते साधण्याचा प्रयत्न गोऱ्या पेढ्यांनी उधारीच्या मार्गाने सुरू केला. चळवळ सोडा, मग पैशाची घाई नाही. नाही सोडली तर सरकार तुम्हाला केव्हाही उचलील, तेव्हा आमची रक्कम आताच चुकती करा, असा निरोप काछलियांना आला. त्यांचे उत्तर व्यापाऱ्याला शोभेल असेच होते. लढा हा माझ्या धर्माचा आणि अब्रूचा प्रश्न आहे, त्याचा धंद्याशी संबंध नाही. तुमचे पैसे सुरक्षित आहेत, जिवंत असेन तर दमडीही बुडवणार नाही, आणि माझे काही बरेवाईट झालेच तर माल आणि येणी आहेतच.

गांधींनी बैठकीत घेणेकऱ्यांना स्पष्टच सांगितले की हा दबाव राजकीय आहे आणि तो व्यापाऱ्यांना शोभत नाही. घेणेकरी संतापले. अशिलाच्या घेणेकऱ्यांना चिडवणे हे वकिलाचे शहाणपण म्हणता येणार नाही, पण तेथे शहाणपणाने काही होणारही नव्हते. त्यांना वसुलीपेक्षा काछलियांना वाकवण्यात अधिक रस होता, आणि एक वाकला की दहा वाकतील असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. नादारीने काछलियांचा मान समाजात वाढला. शिवाय वर्षभराच्या आतबाहेर घेणेकऱ्यांना पौंडामागे वीस शिलिंग, म्हणजे रुपयात सोळा आणे, मिळाले. नादाराच्या मिळकतीतून पूर्ण फेड झाल्याचे दक्षिण आफ्रिकेतील दुसरे उदाहरण गांधींना ठाऊक नव्हते. ज्यांनी त्यांना बुडवले तेच गोरे व्यापारी पुन्हा हवा तेवढा माल द्यायला तयार झाले.

मला काछलियांची खरी थोरवी त्यानंतरच्या निर्णयात दिसते. पत परत आली असताना त्यांनी ती वापरली नाही. लढा किती वर्षे चालेल हे सांगता येत नव्हते आणि उधारीवर माल घेतला की पुन्हा तीच दोरी गळ्यात पडणार, म्हणून त्यांनी मोठा व्यापार सोडून गरिबाच्या भाकरीपुरताच उद्योग ठेवला. आवेशाच्या भरात दुकान लुटवणारे भेटतात. थंड डोक्याने खातेवहीच आटोपती घेणारा क्वचित.

जून १९०९ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या शिष्टमंडळावर त्यांची निवड झाली आणि निघण्यापूर्वीच सरकारने त्यांना पकडले; अखेर गांधी आणि हाजी हबीब हे दोघेच गेले. सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी गांधींनी वसवलेले टॉल्स्टॉय फार्म सुरू झाल्यावर काछलियांनी दहा-बारा वर्षांचा मुलगा अली तेथे ठेवला, आणि ते पाहून इतर मुसलमान कुटुंबांनीही आपली मुले पाठवली. अली पुढे वडिलांच्या आधीच वारला.

१९१२ च्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले तेव्हाही असोसिएशनची धुरा काछलियांकडेच होती. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू राहत असत. त्यांच्या इच्छेवरून गोखले तेथे मराठीत बोलले आणि गांधींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले. काछलियांनी अर्थातच ते भाषांतरातून ऐकले असणार.

सप्टेंबर १९१३ मध्ये लढा पुन्हा सुरू होत असल्याचे सरकारला कळवणारे पत्र अध्यक्ष म्हणून काछलियांच्या नावाने गेले. या वेळी मात्र चळवळीचे केंद्र दुकानांतून खाणींकडे आणि उसाच्या मळ्यांकडे सरकले. करार संपल्यावरही तेथे राहणाऱ्यांवर लादलेल्या तीन पौंडांच्या करामुळे गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले, मजूर हजारोंनी उठले, आणि नाताळ प्रांतातील कित्येक बड्या व्यापाऱ्यांनी गांधींची साथ सोडली. काछलिया सोबत राहिले. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले तोपर्यंत ते अध्यक्षपदावर होते.

त्यांचे इस्माईल आणि युसुफ हे मुलगे पुढे ट्रान्सवाल इंडियन काँग्रेसचे पुढारी झाले. १९५२ च्या कायदेभंगाच्या मोहिमेत नेल्सन मंडेला स्वयंसेवकांचे प्रमुख होते आणि मौलवी म्हणून ओळखले जाणारे इस्माईल काछलिया त्यांचे उपप्रमुख. त्या वर्षाअखेर मंडेलांसह वीस जणांवर जो खटला चालला, त्यात हे दोघेही भाऊ आरोपी होते.