पाण्याच्या वाटेने पेठांमधून: सायकलवरची शोधयात्रा

पुण्याच्या जुन्या पेठा पाहण्यासाठी सायकलइतके योग्य वाहन नाही, असे माझे ठाम मत आहे. पायी निघाल्यास कसब्यापासून गंज पेठेपर्यंतचा सगळा भाग एका सकाळी पाहून होत नाही आणि मोटारसायकलवरून गेल्यास वाड्यांचे दिंडी दरवाजे, त्यांवरच्या गणेशपट्ट्या आणि बोळांच्या तोंडाशी असलेली छोटी देवळे दिसण्याआधीच मागे पडतात. आमची मित्रमंडळी हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सायकलवरून ट्रेझर हंट खेळतात. दोघादोघांच्या जोड्या करायच्या, प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीतल्या कोड्याचे उत्तर असलेली जागा शोधून तिथे छायाचित्र काढायचे आणि मग पुढची चिठ्ठी घ्यायची, एवढाच खेळ आहे. यंदा चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी एकच नियम पाळला, तो म्हणजे मोबाइलवर शोधून चटकन मिळेल असे कोडे घालायचे नाही. उत्तरासाठी त्या गल्लीत राहणाऱ्या कोणाला तरी विचारावेच लागले पाहिजे.

सगळी कोडी एका सूत्रात बांधावीत म्हणून मी पाण्याचा विषय घेतला. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणले गेले. पंप नाही, इंजिन नाही. केवळ जमिनीच्या उताराचा अचूक अंदाज बांधून हे पाणी कित्येक किलोमीटर वाहत येत असे. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधलेले होते, म्हणजे नळात कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळे आणि गाळ काढायलाही सोय होई. शनिवारवाड्यातली कारंजी या पाण्यावर चालत आणि शहरातले सार्वजनिक हौदही त्यानेच भरत. हे शहर कोणी वसवले, हे आपण शाळेत शिकतो. पण वाढत्या शहराची तहान कशी भागली, हे मात्र आपल्याला फारसे कोणी सांगत नाही, आणि मला ते सांगावेसे वाटत होते.

सुरुवात अर्थातच शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर झाली. १७३० साली पाया घातलेल्या या वाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, त्यामुळे आज उरली आहे ती मुख्यतः तटबंदी, दरवाजे आणि जोती. पहिल्या चिठ्ठीत मी लिहिले होते : ‘नावात पाणी आहे, पत्त्यात पाणी आहे, पण घागर घेऊन गेलात तर रिकामे परताल, असा चौक शोधा.’ बहुतेक जोड्या फडके हौद चौकात पोहोचल्या, एक जोडी साततोटीला गेली, आणि दोन्ही उत्तरे मी बरोबर धरली. तिथल्या दुकानदारांना प्रत्येकाने विचारायचे होते की हौद नेमका कुठे होता. ज्येष्ठ मंडळींनी हातातले काम बाजूला ठेवून रस्त्यावर येऊन जागा दाखवली, हे पाहून मला फार आनंद झाला.

तिथून तांबट आळी अगदी जवळ आहे. पाण्याची गोष्ट सांगायची आणि पाणी तापवण्याच्या बंबाला, साठवण्याच्या घागरीला विसरायचे, हे योग्य झाले नसते. कसबा पेठेतल्या या आळीत आजही काही घरांतून हातोड्यांचा ताल ऐकू येतो. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके मारून मठारकाम केले जाते. त्याने भांड्याला चकाकणाऱ्या टिकल्यांची नक्षी येते आणि मऊ तांबे कडकही होते. केवळ शोभेसाठी हे ठोके मारतात, अशी आमच्यातल्या अनेकांची समजूत होती. एका कारागिरांनी मठारलेला आणि न मठारलेला असे दोन पत्रे हातात देऊन वाकवून पाहायला सांगितले, तेव्हा ती दूर झाली.

नागझरी ओलांडून सोमवार पेठेत गेले की त्रिशुंड गणपतीचे देऊळ लागते. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतलेल्या या मंदिरात १७७० साली गणपतीची स्थापना झाली. मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती, संस्कृत आणि फार्सी शिलालेख आणि दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला गेंडा व त्याच्याजवळचे बंदूकधारी शिपाई, असे सगळे एका लहानशा काळ्या दगडी वास्तूत एकवटले आहे. माझ्या मते पेठांमधले हे सर्वांत सुंदर शिल्पकाम आहे आणि पुण्यात जन्म काढलेल्या कितीतरी जणांनी ते पाहिलेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. चिठ्ठीत फक्त ‘गेंडा शोधा’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे सगळे भिंतीसमोर बराच वेळ थांबले.

पुढचे कोडे गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्याचे होते. कात्रजचे पाणी शहरात आले तरी ते सर्वांना सारखे मिळत नव्हते; अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक पाणवठे बंद होते. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. पेशव्यांच्या नळाचे कौतुक करून या वाड्यात आले नाही, तर पुण्याच्या पाण्याची कथा अर्धीच राहते, म्हणून हा थांबा मी सर्वांसाठी अनिवार्य ठेवला होता. इथे स्पर्धेचे घड्याळही थांबवले.

खाण्याचे थांबे मी बक्षीस म्हणून ठेवले नव्हते, तीही कोडीच होती. अमृततुल्यच्या चिठ्ठीत ‘चहा घ्या आणि हा चहा पुण्यात कुठून आला ते विचारा’ असे लिहिले होते. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी पुण्यात रुजवलेली ही परंपरा आहे. दूध, साखर आणि चहा पितळी पातेल्यात एकत्र उकळतात, आले-वेलची ताजी कुटून घालतात आणि तो फडक्यातून गाळतात. पुणेरी म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, तो चहा बाहेरून आलेल्यांनी दिला, हे त्या दुकानात उभे राहून ऐकायला हवे. बन-मस्का आपल्याला इराण्यांनी दिला, आणि लष्कर भागातल्या बेकऱ्यांची वेगळीच कहाणी आहे.

शेवट मंडईजवळ मिसळीने झाला. १८८० च्या दशकात रे मार्केट म्हणून उभ्या राहिलेल्या या अष्टकोनी इमारतीसमोर सायकली लावून आम्ही तुळशीबागेकडच्या गल्लीत शिरलो. पोहे, बटाट्याची भाजी, शेव, सौम्य रस्सा आणि सोबत ब्रेडच्या स्लाइस, असा पुणेरी मिसळीचा थाट असतो. कोल्हापुरी कटाची सवय असणारे तिला नावे ठेवतात, पण भर सकाळी सायकल चालवून आलेल्या माणसाला हीच मिसळ मानवते, असे माझे मत आहे.

कोणाला असा खेळ आखायचा असल्यास सकाळी साडेसहाला निघावे, कारण नऊनंतर लक्ष्मी रस्त्याच्या आसपास सायकल चालवणे जिकिरीचे होते. एकेरी वाहतुकीचे रस्ते आधी स्वतः फिरून पाहावेत आणि सायकलीला कुलूप अवश्य घ्यावे. पुढची फेरी लष्कर आणि रास्ता पेठेत करण्याचा विचार आहे. तिथे १८६७ मध्ये बांधलेले लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, अर्थात ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे, इराणी बेकऱ्या आहेत आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली या ज्यू समाजाच्या खुणा आहेत; त्या फेरीच्या चिठ्ठ्यांसाठी त्या भागात राहिलेल्यांकडून आठवणी गोळा करायला मी सुरुवात केली आहे.