तुम्ही विचारलंत म्हणून : नजर चुकवणारा खोटाच असतो का?

मी मानसशास्त्र शिकवते हे कळले की बहुतेकजण एकच प्रश्न विचारतात : समोरचा माणूस खोटे बोलत आहे, हे त्याच्या देहबोलीवरून कसे ओळखायचे? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कोणीतरी ठरावीक व्यक्ती असते, जोडीदार, मुलगा किंवा हाताखालचा कर्मचारी, आणि माझ्या उत्तराच्या आधाराने त्या व्यक्तीविषयीचा निवाडा होणार असतो. म्हणूनच मी स्पष्ट सांगते, की तसे खात्रीने ओळखता येत नाही.

चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली या विषयावरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चोवीस हजारांहून अधिक लोकांनी बांधलेले खऱ्या-खोट्याचे अंदाज सरासरी ५४ टक्केच बरोबर निघाले. नाणे उडवले तरी ५० टक्के साधतात. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५८ देशांतील लोकांना, खोटे बोलणारा कसा ओळखता, असे विचारले असता सुमारे ६४ टक्के लोकांनी तो नजर चुकवतो असे सांगितले. मात्र प्रयोगांत नजरेचा आणि खोटेपणाचा संबंध जवळजवळ आढळतच नाही. घाम, कापरा आवाज, हातांची चाळवाचाळव यांतून मनावरचा ताण कळतो. पण तो पकडले जाण्याच्या भीतीचा आहे, की आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही या धास्तीचा, हे कळत नाही.

हे सारे वाचलेले असूनही मी एकदा चुकले. दोन विद्यार्थिनींच्या उत्तरपत्रिका शब्दशः जुळल्या होत्या. मी दोन्ही त्यांच्यासमोर ठेवल्या आणि चेहरे न्याहाळत राहिले. एकीने मान खाली घातली, तिला बोलताच येईना; दुसरी माझ्या डोळ्यांत पाहून शांतपणे उत्तरे देत होती. मी पहिलीला दोषी ठरवले. चार दिवसांनी दुसरीने स्वतःच येऊन कबुली दिली. मी पहिलीची माफी मागितली, पण ते चार दिवस तिला परत देता आले नाहीत.

चूक चेहरे पाहण्याइतकीच उत्तरपत्रिका आधी दाखवण्यातही होती. मारिया हार्टविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधील पोलीस प्रशिक्षणार्थींना हातातला पुरावा राखून ठेवून आधी मोकळेपणाने हकिकत ऐकण्याची पद्धत शिकवली, तेव्हा त्यांचे निष्कर्ष सुमारे ८५ टक्के वेळा बरोबर आले, तर ती न शिकलेल्यांचे ५६ टक्के. पुरावा माहीत नसलेला खोटारडा पुराव्याशी विसंगत असे काहीतरी बोलून जातो. खरे बोलणाऱ्याला पुराव्यातल्या गोष्टी टाळण्याचे कारणच नसते. ही पद्धतही प्रत्येक वेळी अचूक ठरेल असे नाही, आणि हाती काहीच पुरावा नसेल तर तिचा उपयोग होत नाही.

आता तसा प्रसंग आला तर मी उत्तरपत्रिका खणात ठेवते, प्रत्येकीला स्वतंत्र बोलावते, या उत्तरापर्यंत कशी पोहोचलीस ते सविस्तर सांग म्हणते, आणि ती बोलत असताना तिचे शब्द लिहून घेते.