दाराशी लागणारी वीस मिनिटे

कोल्हापुरात थंडी म्हणजे पहाटे रंकाळ्यावर उतरणारे धुके, गळीत हंगामात रस्त्याने रांगेत जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आणि घरोघरच्या कपाटांतून बाहेर निघणाऱ्या कानटोप्या. पारा १४-१५ अंशांवर आला, की आमच्या गल्लीत दिवेलागणीनंतर लहान मुलांना कोणी अंगणातही सोडत नाही. माझी दोन्ही मुले मी अशीच वाढवली. त्यामुळे लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी नोव्हेंबरात टोरांटोला निघाले, तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होती: बाळाला आणि चार वर्षांच्या नातीला थंडी ओसरेपर्यंत घरातच सांभाळायचे. हा बेत पहिल्या बर्फालाच मोडला.

त्या दिवशी सकाळी जाग आली ती शांततेमुळे. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता. ताज्या, भुसभुशीत बर्फात हवा भरलेली असते आणि ती आवाज शोषून घेते, हे मला जावयांनी नंतर सांगितले. बाहेर उणे आठ अंश होते आणि लेक नातीचे बूट काढून ठेवत होती. मी तिला स्पष्ट सांगितले, "एवढ्या गारठ्यात लेकराला बाहेर काढायचे नाही." तीही तितक्याच स्पष्टपणे म्हणाली, "आई, मग एप्रिलपर्यंत काढायचेच नाही का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तिथे डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसभर हीटर चालू असल्याने घरातली हवा इतकी कोरडी होते की मुलांचे ओठ फुटतात आणि नाकातून रक्त येते. अशा घरात पाच महिने कोंडलेले मूल कसे होईल, याचा विचार मी केलाच नव्हता.

नातीच्या पाळणाघरातही रोज मैदानावर नेत. दिवसभर राहणाऱ्या मुलांना हवामान साथ देत असेल तर रोज दोन तास बाहेर खेळायला न्यावे, असा ओंटारिओत नियमच आहे, आणि बर्फ पडला म्हणजे हवामान बिघडले असे तिथे कोणी मानत नाही. बेत रद्द होतो तो बोचऱ्या वाऱ्यामुळे. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली गेली, तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, म्हणून सकाळी चहाच्या आधी तो आकडा पाहायची सवय मलाही लागली.

माझ्या आठवणीत मात्र सगळ्यात ठळक राहिले आहे ते त्या घराचे दार. दारापाशी रबरी ताट ठेवलेले असे आणि त्यात बुटांवरून वितळलेले, रस्त्यावरच्या मिठाने गढुळलेले पाणी साचे. तिथे बसून नातीला तयार करायला वीस मिनिटे लागत. आधी शू करून यायचे, हे पहिले आणि न चुकवण्याचे काम. मग अंगालगतचे पातळ उबदार कपडे, त्यावर लोकरी स्वेटर, मग फुगीर विजार, मग बूट, आणि विजारीची आतली पट्टी बुटावरून ओढून घ्यायची, नाहीतर बर्फ आत शिरतो. जाकीट ती स्वतः घाले. पाळणाघरात शिकवल्याप्रमाणे ती ते जमिनीवर उताणे पसरे, गळ्याची बाजू स्वतःच्या पायांकडे ठेवी, वाकून दोन्ही हात बाह्यांत घाले आणि एका झटक्यात ते डोक्यावरून मागे उलटवी. मग टोपी, आणि हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण ते घातले की चेन ओढता येत नाही. पहिल्या आठवड्यात हे सारे मी घाईने उरकायला पाही आणि मग दोघीही रडकुंडीला येत असू. पुढे मात्र मी तिच्यासमोर मांडी घालून बसू लागले. दिवसभरातल्या आमच्या निवांत गप्पा त्या वीस मिनिटांतच होत. पाळणाघरात कोण रडले, कोणाचा दात पडला, हे मला तिथेच कळे.

मोटारीने जायचे असेल, तर एवढ्या खटाटोपाने घातलेले जाकीट पुन्हा काढावे लागे. फुगीर कपड्यावरून बांधलेला पट्टा घट्ट वाटतो, पण अपघाताच्या धक्क्याने आतला कापूस दबला की तो सैल पडतो. म्हणून मुलाला साध्या स्वेटरवर बसवून पट्टा आवळायचा आणि जाकीट वरून पांघरायचे. आपल्याकडेही थंडीत महाबळेश्वरला निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

बाळाचे मात्र मी माझ्या पद्धतीने केले. तेल लावणे, शेकणे, लेकीसाठी अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, यांतले काही सोडले नाही. फक्त ओव्याची धुरी एकदाच दिली. तव्यावर ओवा टाकताच छतावरचा धुराचा भोंगा असा कर्कश वाजू लागला की बाळ दचकून काळेनिळे होईपर्यंत रडले. त्यानंतर मी तो हट्ट सोडला. अंगावर पिणाऱ्या बाळाला तिथे रोज ड जीवनसत्त्वाचा थेंब देतात, तो देण्याचे काम मी माझ्याकडे घेतले.

संक्रांतीला नातीचे बोरन्हाण केले. काळे परकर-पोलके आणि हलव्याचे दागिने मी येथूनच नेले होते. जवळच्या दुकानात बोरे मिळाली नाहीत, म्हणून चुरमुऱ्यांत रेवड्या, शेंगदाणे आणि निळी-जांभळी बेरी मिसळली. शेजारची पाच-सहा मुले गोळा झाली आणि माप उपडे होताच चुरमुऱ्यांवर तुटून पडली. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता. खाऊ वेचून झाल्यावर सगळीच बाहेर पळाली. त्या दिवशी बर्फाचा गोळा काही केल्या वळेना. नातीने मला समजावले, "आजी, खूप थंडी असली की तो चिकटत नाही, थोडा ओला लागतो." भाकरीच्या पिठालाही पाणी नेमकेच लागते, हे मग मी तिला परातीत दाखवले.

मार्चमध्ये आम्ही तिला मेपलचा पाक करतात तिथे नेले. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब, अशा दिवसांत झाडाच्या खोडाला भोक पाडून रस गोळा करतात. सुमारे ४० लिटर रस आटवला की एक लिटर पाक होतो. उकळत्या कढईतली वाफ तोंडावर आली आणि मला कागल रस्त्यावरच्या गुऱ्हाळाची आठवण झाली. तोच गोड वास, तसाच जाळ. गुळव्या काहिलीतला पाक गार पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहतो. तिथे गरम पाक स्वच्छ बर्फावर ओततात, तो क्षणात चिकट होतो आणि मुले काडीला गुंडाळून खातात. नातीच्या हातमोज्याला लागलेला पाक घरी येईपर्यंत सुटला नव्हता.

परत आल्यापासून मी शेजारच्या दोन मुलांना सकाळी रंकाळ्याला नेते. त्यांची आई आधी तयार नव्हती. सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि ते खिडक्या लावलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीत अधिक सहज पसरतात, हे मी तिला समजावून सांगितले. आता ती स्वतःच मुलांना स्वेटर घालून दारात उभी करते. डिसेंबर-जानेवारी हा आमच्या गावातला मुलांनी बाहेर हुंदडण्याचा सगळ्यात सुंदर काळ आहे आणि तोच आपण कानटोपीखाली झाकून टाकतो, याचे मला आता वाईट वाटते.

यंदा डिसेंबरात लेक मुलांना घेऊन येते आहे. गुऱ्हाळवाल्यांशी बोलून ठेवले आहे. काल फोनवर नातीने विचारले, "आजी, तिथे पाक ओतायला बर्फ असेल ना?" मी फ्रीजरमधला एक कप्पा रिकामा केला आहे. बर्फ कुटून डब्यात भरायचा, तो पोत्यात गुंडाळायचा आणि काकवी गरम असतानाच पोहोचायचे, असे ठरले आहे.