एक दाता जास्त

वाईत माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांची निम्मी दुखणी पसरणीच्या घाटात लागलेली असतात. वाईपासून पाचगणी जेमतेम 12 किलोमीटरवर, पण तेवढ्यात रस्ता सुमारे 600 मीटर चढतो. एका उन्हाळ्यात पाचगणीच्या हॉटेलांना दूध घालणारे एक अण्णा त्यांची 100 सीसीची गाडी घेऊन आले. ती त्यांनी सहा महिन्यांपूर्वी जुन्या बाजारातून घेतली होती आणि तेवढ्या काळात क्लच प्लेटा दोनदा बदलून झाल्या होत्या. "मिस्त्री, घाटात गाडी वडतच न्हाई बघा," एवढीच त्यांची तक्रार होती.

मी कार्ब्युरेटर उघडून साफ केला, टॅपेट लावले, प्लग बदलला आणि गाडी सुरूरच्या रस्त्याला पळवून आणली. गाडी गुळगुळीत चालली. टॉप गिअरमध्ये इंजिनाचा आवाज इतका शांत होता की उलट मला समाधानच वाटले. खरे तर त्या शांतपणातच रोग होता, पण तो मला ऐकू आला नाही. दोन दिवसांनी अण्णा पुन्हा दारात उभे राहिले. आता पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, हाफ इंजिन करावे लागेल, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडून दुरुस्त करावा लागेल, असे मी म्हणणार होतो. परंतु तो खर्च सांगण्याआधी एकदा त्यांच्या ओझ्यासकट गाडी स्वतः चालवून पाहावी असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी त्यांच्या गाडीवर बसलो आणि ते माझ्या गाडीवरून मागे आले. दोन्ही बाजूंना 40 लिटरचा एकेक कॅन, म्हणजे नुसते दूधच 80 किलोंच्या वर. पहिल्याच तीव्र वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन धडधडू लागले, म्हणून पहिला टाकला, तर त्यातही वळण घेण्याइतक्या कमी वेगात इंजिनाचे फेरे इतके घटत होते की गाडी बंद पडू नये म्हणून क्लच अर्धा दाबून धरावा लागला. चौथ्या वळणापर्यंत जळक्या प्लेटांचा वास आला. अण्णांना क्लच दाबून गाडी चालवण्याची वाईट सवय आहे असे मी मनाशी धरून चाललो होतो, आणि आता तेच मी स्वतः करत होतो.

परत आल्यावर गिअर लिव्हर आणि डावीकडचे कव्हर काढले, पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, एका दात्यावर खडूने खूण केली आणि दाते मोजले. ते 15 भरले. या गाडीला कंपनीकडून पुढे 14 आणि मागे 42 दाते येतात, म्हणजे इंजिनाकडचे स्प्रॉकेट तीन वेळा फिरले की चाक एकदा फिरते. पुढे 15 झाले की हेच प्रमाण 2.8 वर येते. मग सपाट रस्त्यावर तेवढ्याच वेगाला इंजिन कमी फिरते, पण चढाला चाकावर येणारी ओढ तेवढीच घटते. आधीच्या मालकाने हायवेवर ॲव्हरेज मिळावे म्हणून हा बदल करून घेतला असावा. त्याच्यापुरते ते बरोबरही असेल.

मूळचे 14 बसवावे असे माझे मत होते. कॉलेजची मुले पिकअपसाठी 13 दात्यांचे स्प्रॉकेट मागतात तेव्हा मी त्यांना परत पाठवतो, कारण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, लवकर झिजते आणि सपाट रस्त्यावर इंजिन उगाच ओरडत राहते. पण अण्णांची गाडी रोज चढावरच जगते. 42 भागिले 13 म्हणजे 3.23, आणि 15 च्या तुलनेत ओढ सुमारे 15 टक्के जास्त. मी 13 बसवले. चेन तोडावी लागली नाही. दोन दाते कमी झाल्यामुळे मागचा एक्सल साधारण 6 मिलिमीटर मागे ओढला, चाक सरळ लावले आणि चेनला इंचभर ढील ठेवली. मीटरची केबल पुढच्या चाकातून येत असल्यामुळे मीटरमध्ये फरक पडला नाही. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असलेल्या गाडीत तो पडला असता.

दुसऱ्या पहाटे त्याच ओझ्याने मीच पुन्हा वर गेलो. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून वळण निघाले, आणि पुढच्या सरळ चढावर दुसरा गिअर टिकला. केलेल्या कार्ब्युरेटरच्या कामाचे पैसे मी अण्णांकडून घेतले नाहीत.

आषाढीच्या आधी ते पुन्हा आले. पंढरपूरला गाडीवरूनच जायचे होते आणि "सपाटीला लई वरडती" म्हणून चार दिवसांसाठी 14 दाते बसवून हवे होते. झिजू लागलेल्या चेनवर स्प्रॉकेट असे अदलाबदल करणे मला पटत नाही, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. तरीही बसवून दिले. काढलेले 13 दात्यांचे स्प्रॉकेट ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळले, त्यावर त्यांचे नाव लिहिले आणि परत येतील तेव्हासाठी फळीवर ठेवले.