पावसाचा आकडा सोडा, कोरडे महिने मोजा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. केरळच्या दक्षिण भागातल्या सह्याद्रीत याहून बराच कमी. तरीही तीस-चाळीस मीटरची सदाहरित झाडं तिथे आहेत आणि महाबळेश्वरला मात्र अंजनी, जांभूळ, पिसा यांचं बुटकं, दाट रान. वारा आणि जांभ्यावरची पातळ माती ही कारणं आहेतच, पण मुख्य कारण कोरड्या महिन्यांचं.

दक्षिणेत एप्रिल-मेमध्ये वळीव, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस. कोरडे महिने जेमतेम दोन-तीन. उत्तरेकडे यावं तसा पावसाळा चार महिन्यांत आटोपतो. हिशेब सोपा आहे: महिन्याचा पाऊस (मिलिमीटर) सरासरी तापमानाच्या (सेल्सिअस) दुपटीपेक्षा कमी असेल तर तो महिना कोरडा. २३ अंशाच्या महिन्याला ४६ मिलिमीटर हवेत. महाबळेश्वरला डिसेंबर ते एप्रिल तरी नक्कीच कोरडे भरतात. घाट उतरून वाईला या, पाऊस हजाराच्याही खाली येतो आणि बोर-बाभूळ सुरू होतात.

मोठं झाड खोल मुळांवर उन्हाळा काढतं. मरतं ते रोप. पहिल्या वर्षी मूळ वीतभर, आणि मार्चपर्यंत वरची वीतभर माती भुगा झालेली. साग, पळस पानं टाकून पाणी वाचवतात. सदाहरित रोपाची पानं तशीच राहतात, पाणी उडत राहतं.

याचा उलटा पुरावा सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथे आहे. बारमाही पाणी असलेल्या दलदलीत रानजायफळ उभं आहे, चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढून. आभाळातून न आलेलं पाणी जमिनीने दिलं. असा झरा बोअर मारून आटवला तर ते रान परत लावता येत नाही.

‘पाऊस भरपूर आहे’ म्हणून उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, सदाहरित रोपं लावली जातात आणि ती पहिल्याच मार्चमध्ये वाळतात. आधी कोरड्या महिन्यांचा हिशेब करा. चार-पाचच्या वर भरले तर अशी रोपं घळीत, ओढ्याकाठी, जुन्या झाडांच्या सावलीत लावा. उघड्यावर ऐन, किंजळ, हिरडा. जांभळाचं बी साठवू नका. सुकलं की मेलं. गर धुऊन त्याच आठवड्यात पेरा. बुंध्याशी पाचोळ्याचा चार बोटं थर ठेवा, पण खोडाला चिकटवू नका, कुजतं. निदान दोन उन्हाळे पाणी द्या आणि पहिला वळीव पडला म्हणून लगेच थांबू नका. त्यानंतरचे कोरडे पंधरा दिवस फार रोपं मारतात.