फुटक्या प्लॅस्टिकवर लसूण

भाचीचं पार्सल आलं तेव्हा मी जेवून नुकतीच आडवी झाले होते. तिने खोका उघडला आणि वासानेच मला उठवलं. नवा रेनकोट, नवी वॉटरबॅग, जूनचा पहिला आठवडा, सगळं त्या एका वासात.

"मावशी, बघ ना, जेली!"

पाहिल्या. आरपार दिसणाऱ्या, आत चमकी, वर जाळी, टाचेमागून पट्टा.

"या पावसाळी चपला आहेत," मी म्हटलं.

"जेली म्हणतात गं त्यांना. सध्या सगळ्या घालतात."

"केवढ्याला?"

तिने सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही, कारण हे माझी आई वाचते. तरी भाची काटकसरीच म्हणायची. 2024 साली 'द रो' नावाच्या अमेरिकन ब्रँडने असल्याच जाळीच्या चपला 890 डॉलरला काढल्या होत्या. म्हणजे पाऊण लाखाच्या आसपास. त्यानंतर जो तो जेलीच्या मागे लागला. एवढ्या पैशांत आमच्या आख्ख्या आळीचे दहा पावसाळे निघाले असते आणि वर छत्र्या आल्या असत्या.

या चपलेचा जन्मही काही फॅशनच्या घरात झालेला नाही. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, फ्रान्समध्ये चामड्याची टंचाई होती. ओव्हेर्न भागात ज्याँ दोफाँ नावाचा सुऱ्या करणारा एक माणूस होता. सुरीच्या मुठींसाठी वापरायचं प्लॅस्टिक त्याने 1946 मध्ये पायात घालायला लावलं. पुढे ती समुद्रावरच्या खडकांत फिरायला सोयीची म्हणून खपली आणि तिचं नाव पडलं 'मेद्युझ', म्हणजे जेलीफिश. ब्राझीलच्या 'मेलिसा' या चपलांच्या ब्रँडने 1979 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या पायात हीच पाहिली आणि तिला बाजारात नटवून उभी केली. थोडक्यात काय, चामडं परवडत नाही किंवा भिजवायचं नाही, म्हणून ही चप्पल. चिपळूणला आम्हाला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मृग लागला की बाबांच्या कोल्हापुरी तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जात आणि घरातली यच्चयावत पावलं प्लॅस्टिकमध्ये शिरत.

खरेदी वाढत्या मापाची. दुकानदार अंगठ्यापुढे बोट दाबून बघायचा आणि आई म्हणायची, "अजून एक नंबर मोठी द्या." त्यामुळे जूनमध्ये चप्पल पायाच्या पुढे चालायची आणि सप्टेंबरात पाय चपलेच्या पुढे. मधले दिवस ती चावण्यात घालवायची. टाचेला खोबरेल, त्यावर कापूस, त्यावर पुन्हा तीच चप्पल. आत पाणी साचलं की पावलागणिक चुपुक चुपुक व्हायचं, आणि प्रार्थना चालू झाल्यावर उशिरा वर्गात शिरणारा कोण आहे, हे बाईंना फळ्याकडे तोंड करूनही कळायचं. बक्कल गौरींपर्यंत गंजायचं. पट्टा तुटला तर चांभाराकडे नेण्यात अर्थ नसे, कारण साच्यातून अख्खीच्या अख्खी निघालेली वस्तू, टाका घालायला शिवण कुठाय? मग बाबा सुरी गॅसवर तापवून डाग द्यायचे. त्याचा वास स्वयंपाकघरात असा बसायचा, की त्या दिवशीच्या आमटीलाही चपलेची चव यायची.

माझा एक विक्षिप्तपणा कबूल करते. कोरड्या दिवशी पावसाळी चप्पल घातलेलं मला बघवत नाही. ऊन कडकडीत असताना कोणाच्या पायात ती दिसली, की भर थंडीत कोणी फणस फोडून बसल्यासारखं वाटतं. भाची तर ती मोजे घालून मिरवणार आहे म्हणे. मोजे! आईने बघितलं तर हातातलं काम टाकून उठेल.

चौथीत असताना माझी एक चप्पल वाहून गेली. डावी. गुलाबी, चमकीची, पहिल्यांदाच हट्टाने मिळवलेली. शाळेच्या वाटेवरचा वहाळ दोन्ही काठ भरून चालला होता, साकवावर बसून पाय सोडायचे नाहीत असं बजावलेलं होतं, आणि मी बसून पाय सोडले होते. बक्कल निसटलं. चप्पल उपडी झाली, पुन्हा सरळ झाली, आणि करंजाच्या झाडाच्या मुळाशी जरा थांबली. मला वाटलं, माझीच वाट बघतेय. मग गेली. एका पायात चप्पल घालून घरी आले. मार बसला नाही, हे जास्त लागलं. आईने दुसरी चप्पल धुऊन मागच्या पडवीत खुंटीला अडकवली. "असू दे. मिळाली तर जोडी होईल."

जोडी काही झाली नाही. दिवाळीच्या आधी 'फुटक्या प्लॅस्टिकवर लसूऽण' ओरडत माणूस आला, तेव्हा तुटका मग, पिचकलेली बादली आणि माझी उजवी चप्पल तराजूत गेली. ती धडधाकट आहे हे मी त्याला सांगून पाहिलं. त्याने मूठभर लसूण दिला. फोडणी रोजच्यासारखीच झाली. मी जेवले नाही.

वहाळ वाशिष्ठीला मिळतो, वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला. 2021च्या जुलैत पूर ओसरल्यावर मी चिपळूणला आले, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलाचे ढीग होते. गाद्या, कपाटं, वह्या, दुकानांतला माल. एका ढिगात लहान मुलांच्या चपला होत्या. दुकानातल्या असतील, नव्याच असतील. मी एवढी बाई माणूस, नाकाला मास्क लावून, त्यांत डावी गुलाबी आहे का बघत उभी राहिले.

आई हाक मारत होती, पाण्याचा टँकर आला होता.