वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल

उल्हास नदी समुद्राला मिळते तिथे, भाईंदर आणि नायगाव यांच्या मधोमध, पाणजू बेट आहे. बेटामुळे खाडीचे दोन फाटे होतात आणि म्हणून बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेला इथे दोन पूल बांधावे लागले. सुरतजवळच्या उत्राणपासून ग्रँट रोडपर्यंतचा लोहमार्ग नोव्हेंबर 1864 मध्ये खुला झाला, तो हे पूल उभे राहिल्यावरच. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्यानंतर सव्वाशे वर्षे या पाण्यावर होडीवाचून गत्यंतर नव्हते.

पुलाच्या इतिहासात सगळे जण गर्डरविषयी, म्हणजे खांबांवर आडव्या टाकलेल्या लोखंडी तुळयांविषयी, बोलतात. मला मात्र त्याचे पाय अधिक महत्त्वाचे वाटतात. खाडीचा तळ म्हणजे मऊ गाळ, आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटीचे पाणी वर-खाली होणार. अशा ठिकाणी पाणी अडवून, उपसून दगडी पाया घालणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम होते. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जे. पी. केनेडी यांनी त्याऐवजी ओतीव लोखंडाचे पोकळ खांब वापरले. खांबाच्या टोकाला रुंद पात्याचा आटा असे. वर आडव्या लांब दांड्या बसवून त्यांना माणसे किंवा बैल जुंपले आणि खांब गोल फिरवला की तो मळसूत्रासारखा गाळात उतरत जाई. पाते रुंद असल्यामुळे भार मोठ्या क्षेत्रावर पसरे आणि खांब सहसा खचत नसे. ही युक्ती बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल यांची. त्यांनी 1833 मध्ये तिचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षे लोटली होती. दीपगृहांसाठी आणि जहाजे नांगरण्यासाठी निघालेली ही कल्पना आमच्या खाडीत आगगाडीच्या उपयोगी पडली.

वरचे काम त्या मानाने सरळ होते. जेम्स वॉरन आणि विलोबी मोंझानी यांनी 1848 मध्ये पेटंट घेतलेला त्रिकोणी जाळीचा गर्डर केनेडींनी निवडला आणि साधारण 60 फुटांचा एकच गाळा (दोन खांबांमधले अंतर) ठरवून तोच या मार्गावरच्या पुलांवर पुन्हा पुन्हा वापरला. इंग्लंडमध्ये घडवलेले सुटे भाग एकसारखे असल्यामुळे ते इथे आणून जोडणे सोपे झाले आणि एखादा भाग बिघडला तर दुसरा तिथे बसत असे.

याच पद्धतीचा पूल भडोचजवळ नर्मदेवरही बांधला होता, पण तिथे महापुरांनी त्याचे वारंवार नुकसान केले आणि अखेर 1881 मध्ये तिथे नवा, अधिक भक्कम पूल उभारावा लागला. वसईला तशी वेळ आली नाही, याचे कारण माझ्या मते केनेडींच्या कौशल्यापेक्षा इथल्या पाण्याच्या स्वभावात आहे. नर्मदा शेकडो मैलांचे पावसाचे पाणी, झाडे आणि ओंडके घेऊन एकाच दिशेने आदळते. पुराच्या वेगाने खांबांभोवतीची वाळू वाहून जाते आणि आट्याला धरायला काही उरत नाही. उल्हास सह्याद्रीतून येणारी त्या मानाने लहान नदी. मुखाशी तिचा जोर भरतीच्या पाण्यात विरतो आणि गाळ मोठ्या प्रमाणात जागेवरच फिरत राहतो. खाऱ्या हवेने लोखंडाला गंज चढतो ही अडचण होतीच, पण गंजाला रंगाने थोपवता येते. पायाखालून निसटलेल्या वाळूला नाही.

पुढे विसाव्या शतकात काँक्रीटचे पूल झाले आणि लोकलगाड्या त्यांवरून धावू लागल्या. मधल्या काळात मीरा-भाईंदर आणि वसई-विरार ही दोन महानगरे झाली, तरी रस्त्याने जाणाऱ्याला घोडबंदरचा वळसा कायम राहिला. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई-भाईंदर रो-रो, म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोट, सुरू झाली, तेव्हा कुठे मोटारी थेट पलीकडे जाऊ लागल्या. पुलांच्या आसपासचा बेकायदा रेतीउपसा मात्र अजून बातम्यांत येतो. पुरांनी नर्मदेत जे केले तेच ड्रेजर आणि सक्शन पंप इथे करू शकतात, कारण पाया काँक्रीटचा असला तरी तोही तळातल्या त्याच गाळ-रेतीतून खाली गेलेला आहे.